‘टेन्शन’वरचा इलाज वाड्यापर्यंत कसा पोहोचतो

गोव्यातल्या सत्तरी, सांगे किंवा पेडणे तालुक्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी बसून पाहा. अंग दुखतं, डोकं जड होतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही, हातापायांत त्राण उरलं नाही, याच तक्रारी पुन्हा पुन्हा कानावर येतात. यातल्या कुणाला रक्त कमी असतं, कुणाला साखर, कुणाला थायरॉइड. पण काहींचे सगळे रिपोर्ट नीट येतात आणि त्रास मात्र तसाच राहतो. डॉक्टरांच्या टेबलासमोर रांग लागलेली असते आणि एका माणसाला जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात. शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. पंधरा दिवसांनी तेच माणूस परत येतं आणि त्याच गोळ्या घेऊन जातं.

या ‘रिपोर्ट नीट’ असलेल्यांपैकी अनेकांना नैराश्याचा आजार असतो. तो बरा होतो. त्यावरचे उपाय तपासून सिद्ध झालेले आहेत आणि ते फार महागही नाहीत. तरीसुद्धा २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे भारतात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकसुद्धा नाही, आकडा ०.७५ च्या आसपास आहे. औषध आहे, पद्धत आहे, पण ती माणसापर्यंत जात नाही. ती न्यायचं काम गोव्यात स्वयंसेवी संस्थांनी कसं केलं, त्यात काय जमलं, काय जमलं नाही आणि वाड्यावरच्या लोकांना त्यात काय करता येतं, हे इथे उलगडून सांगायचं आहे.

अडतं कुठे

‘अडथळा’ म्हटलं की आपल्याला एखादी मोठी भिंत दिसते. प्रत्यक्षात त्या लहान लहान पायऱ्या असतात आणि माणूस त्यांतल्या कुठल्याही एका पायरीवर थांबतो.

पहिली पायरी नावाची. ‘डिप्रेशन’ हा शब्द ऐकला की घरचे म्हणतात, आमच्याकडे कुणी वेडं नाही. ‘टेन्शन’ म्हटलं तर सगळे मान डोलावतात. गोव्यातल्या समुपदेशकांनी फार लवकर हे ओळखलं आणि बोलताना आजाराचं नाव बाजूला ठेवून ‘टेन्शन’, ‘ताण’, ‘विचार’ हेच शब्द धरले. यात फसवणूक नाही. माणूस ज्या शब्दात स्वतःचा त्रास सांगतो, त्याच शब्दापासून बोलणं सुरू होऊ शकतं. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक जणींना जंतुसंसर्ग नसतो. गोव्यात झालेल्या अभ्यासांत या तक्रारीचा मानसिक ताणाशी ठळक संबंध दिसला आहे. नुसत्या अँटिबायोटिकवर भागवलं तर खरं दुखणं तसंच राहतं.

दुसरी पायरी बसची. पणजीजवळ बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तज्ज्ञ आहेत, औषधं मिळतात. पण वाळपईच्या आतल्या गावातून तिथे जायचं म्हणजे दोन-तीन बसगाड्या, एका दिवसाची मजुरी आणि ‘कुठे गेली होतीस’ या प्रश्नाचं उत्तर. एकदा जाणं जमतं. आठ वेळा जाणं जमत नाही, आणि या आजारात एकदा जाऊन फारसं काही होत नाही.

तिसरी पायरी लाजेची. तिच्याबद्दल सगळेच बोलतात, म्हणून इथे एवढंच सांगते ते नीट वाचा: बहुतेक माणसांना आजाराची जेवढी लाज वाटते, त्यापेक्षा जास्त भीती ‘गावात कळेल’ याची वाटते. या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलीवर माहिती चालते. दुसरीवर बंद दार लागतं.

आणि चौथी पायरी आजाराचीच आहे. नैराश्यात माणसाचा ‘याने काही होईल’ हा विश्वासच आधी जातो. पाय मोडलेला माणूस इस्पितळात जायला तयार असतो. नैराश्यातल्या माणसाला उठून तोंड धुणंही डोंगराएवढं वाटतं. ‘त्याला मदत हवी असेल तर तो येईल’ हे गणित म्हणूनच इथे चुकतं. मदतीलाच चार पावलं पुढे जावं लागतं.

गोव्यात काय करून पाहिलं गेलं

१९९६ साली गोव्यात ‘संगात’ ही संस्था सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तज्ज्ञ पुरेसे नाहीत आणि उद्याही होणार नाहीत, मग तज्ज्ञाच्या कामातला ठरावीक भाग नीट शिकवलेल्या साध्या माणसाला करता येईल का, हा प्रश्न या लोकांनी हाती घेतला. नुसता मांडला नाही, तर तपासला.

‘मानस’ या पहिल्या मोठ्या चाचणीत गोव्यातली २४ ठिकाणं घेतली: १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने. एकूण २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार चालू राहिले. उरलेल्या ठिकाणी एक समुपदेशक बसवली, जिचं वैद्यकीय शिक्षण नव्हतं पण जिला या कामाचं प्रशिक्षण दिलं होतं. तिच्या मागे केंद्राचे डॉक्टर आणि ठरावीक दिवशी येणारे मानसोपचारतज्ज्ञ. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. ओळखीचा डॉक्टर तिथे आधीच थोडा जास्त वेळ देत असावा, हे त्याचं एक संभाव्य कारण. हा दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा आहे. समुपदेशक कुठेही नेऊन बसवली की चमत्कार होतो असं नाही. जिथे माणसाला ऐकणारं कुणीच नाही, तिथे तिचा उपयोग सर्वांत जास्त.

पुढच्या चाचण्यांत १० प्राथमिक आरोग्य केंद्रं होती आणि त्यांचे निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. या वेळी बऱ्यापैकी तीव्र ते गंभीर नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले. डॉक्टरांच्या सुधारित उपचारांसोबत समुपदेशनाच्या सहा ते आठ बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत आजारातून बाहेर आले. त्या न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षभरानंतर पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

बैठकीत नेमकं होतं काय

समुपदेशन म्हणजे गोड बोलून धीर देणं असा समज आहे. तसं असतं तर गावात समुपदेशकांची कमतरताच नसती. इथे वापरलेली पद्धत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. मन खाली गेलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. सोडल्यामुळे दिवस रिकामा होतो, रिकाम्या दिवसात विचार वाढतात, मन आणखी खाली जातं. ‘मन बरं झालं की काम सुरू करीन’ असं माणूस म्हणतो. ही पद्धत उलटं टोक पकडते: काम थोडं सुरू करू, मन मागून येईल.

सुरुवात नऊ प्रश्नांच्या कागदाने होते. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, मन उदास होतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि नववा प्रश्न मरण्याच्या विचारांचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र, वीसपासून गंभीर. ४९५ रुग्णांच्या चाचणीत पंधरा आणि त्यावरचे रुग्ण घेतले होते. हाच कागद प्रत्येक बैठकीत पुन्हा भरला जातो. त्यामुळे ‘बरं वाटतंय का’ला मिळणाऱ्या ‘हो, ठीक आहे’वर विसंबावं लागत नाही. आकडा १८ वरून १४ वर आला की दोघींनाही तो दिसतो, आणि चार बैठका होऊनही तो हलला नाही तर डॉक्टरांकडे परत पाठवायची वेळ झाली हेही दिसतं.

समजा, डिचोलीकडच्या गावातली पन्नाशीची बाई आहे. खाणी चालू होत्या तेव्हा घरचा एक ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक गेला, कर्ज राहिलं, मुलगा कामासाठी बाहेर. ती दिवसभर आतल्या खोलीत पडून असते. पहिल्या बैठकीत समुपदेशक सल्ला देत नाही. ‘सकाळी उठल्यापासून काल काय काय झालं?’ एवढंच विचारते आणि एका कागदावर उभे-आडवे रकाने आखते: वेळ, काय केलं, तेव्हा मन कसं होतं, शून्य ते दहा. पहिल्या आठवड्याचा कागद बहुतेक कोराच येतो. ‘पडून होते, २. पडून होते, २. चहा केला, ३.’ आणि मध्येच एका ओळीत: ‘शेजारची आली, अबोलीचे वळेसर (गजरे) केले, ५.’

समुपदेशकाचं सगळं कसब इथे लागतं. त्या पाचवर बोट ठेवायचं. ‘इथे काय वेगळं होतं?’ बाई म्हणते, काही नाही, हात चालत होते, बोलणं झालं. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरते: मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला शेजारणीकडे अर्धा तास, फुलं घेऊन. ‘जरा बाहेर पडत जा’ हे काम नव्हे. दिवस, वेळ, जागा, किती मिनिटं आणि सोबत कोण, हे पाच तपशील नसतील तर ते होत नाही. आणि काम इतकं लहान हवं की वाईटात वाईट दिवशीही जमावं. उत्साहाच्या भरात ‘रोज एक तास चालायचं’ ठरवलं की तिसऱ्या दिवशी खंड पडतो आणि ‘मला काहीच जमत नाही’ हे आधीचं मतच पक्कं होतं. नवख्या समुपदेशकांच्या हातून सर्वाधिक घडणारी चूक हीच.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून अडचणी हातात घ्यायच्या. कर्ज समुपदेशनाने फिटत नाही, हे सरळ मान्य करायचं. पण बँकेची नोटीस न उघडता कपाटात टाकली आहे, ती उघडून कुणासोबत शाखेत जायचं, कुठल्या दिवशी, काय विचारायचं, हे ठरवता येतं. सरकारी योजनेचा अर्ज अडला असेल तर कुठला कागद कमी आहे ते पाहता येतं. सोबत घरातल्या एका माणसाला बोलावतात, अर्थात बाईची परवानगी असेल तरच. त्या माणसाला दोन गोष्टी सांगायच्या: हा आळस नव्हे, आणि ‘उठ, काम कर’ असं म्हणण्यापेक्षा ‘चल, दोघं जाऊ’ म्हणा.

शेवटच्या एक-दोन बैठकांत नवीन काही नसतं. काय केल्याने बरं वाटलं, त्याची यादी बाई स्वतःच्या शब्दांत करते. परत घसरायला लागलं तर पहिली खूण कोणती दिसेल, तेही लिहिते. लिहिता येत नसेल तर चित्रं काढतात. एकेक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, साधारण आठवड्याला एक, केंद्रात किंवा घरी. औषध चालू असेल तर ते चालूच राहतं. समुपदेशक गोळ्या सुरू करत नाही आणि बंदही करत नाही.

दारूचं वेगळं गणित

दारूवर गोव्यात मोकळेपणाने बोलणं अवघड आहे, कारण ती लग्नात आहे, फेस्तात आहे, आणि बागायतीत काजूचा हंगाम आला की हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारूही आहे. म्हणून समुपदेशक ‘वाईट’ आणि ‘चांगली’ या शब्दांत शिरतच नाही. ती मोजायला शिकवते.

१० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप. बाटलीवर लिहिलेले टक्के आणि मिलीलीटर यांवरून हिशेब निघतो. ४२.८ टक्क्यांच्या फेणीचा किंवा व्हिस्कीचा ६० मिलीलीटरचा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम, दोन मापं. १८० मिलीलीटरची क्वार्टर म्हणजे सहा मापं. पाच टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलीलीटरची बाटली अडीच मापं. ‘मी फक्त बिअर पितो’ म्हणणारा माणूस संध्याकाळी तीन बाटल्या संपवत असेल तर ती क्वार्टरपेक्षा जास्त झाली, हे त्याने स्वतः कागदावर मांडलं की वेगळाच परिणाम होतो.

पुरुषांसाठी केलेल्या चाचणीत दहा प्रश्नांच्या प्रमाण तपासणीत ४० पैकी १२ ते १९ गुण मिळालेले ३७७ जण घेतले होते, म्हणजे दारूमुळे नुकसान सुरू झालंय पण शरीर पूर्ण अंकित झालेलं नाही असे. जास्तीत जास्त चार बैठका. त्यांत मोजणी, ‘नको’ म्हणायचा सराव, हुक्की आली की पहिली पंधरा-वीस मिनिटं काय करायचं, पगाराच्या दिवशी घरी कुठल्या वाटेने यायचं. तीन महिन्यांनी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. बैठका न मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, तर दुसरीकडे १८ टक्के. पण जे पीत राहिले, त्यांनी रोजचं प्रमाण कमी केल्याचं दिसलं नाही. दारूचा इलाज नैराश्याइतका सरळ नाही, हे हेच आकडे सांगतात.

आता एक गोष्ट, जी गावात माहीत नसल्याने जीव जातात. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्यांनी कोंडून एकदम बंद करू नये. देवासमोर शपथ घालूनही नाही. पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. ही वैद्यकीय तातडी आहे. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यायचं. तिथे औषधांच्या आधाराने दारू सुटते. सकाळी उठल्याबरोबर प्यावीच लागत असेल, तर हे प्रकरण समुपदेशकाच्या हद्दीबाहेरचं आहे.

समुपदेशक कोण, आणि ती कशामुळे फसते

गोव्यातल्या चाचण्यांत निवडलेल्या व्यक्ती शाळा पूर्ण केलेल्या, गावची भाषा बोलणाऱ्या, आधी कुठलंही वैद्यकीय प्रशिक्षण न घेतलेल्या होत्या. दोन-तीन आठवड्यांची कार्यशाळा आणि त्यानंतर सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांसोबत, नजरेखाली काम. ‘दोन दिवसांचं शिबिर आणि प्रमाणपत्र’ यावर जे समुपदेशक तयार केले जातात, त्यांच्यात आणि यांच्यात फरक इथे पडतो.

त्याहून मोठा फरक देखरेखीत आहे. रुग्णाच्या संमतीने बैठकीचं ध्वनिमुद्रण होतं. दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसतात, एकीचं ध्वनिमुद्रण सगळ्या ऐकतात आणि ठरलेल्या तक्त्यावर गुण देतात: तिने उघडे प्रश्न विचारले का, मागच्या आठवड्याचं घरचं काम तपासलं का, मध्येच स्वतःचं मत घुसवलं का. आधी हे तज्ज्ञ करत होते, नंतर समुपदेशक एकमेकींचं करू लागल्या. पद्धतीतलं सर्वांत कमी दिसणारं आणि सर्वांत महत्त्वाचं काम हेच, असं माझं ठाम मत आहे. पैसे कमी पडले की संस्था पहिली कात्री नेमकी इथेच लावतात, कारण अहवालात ‘किती बैठका झाल्या’ हे येतं. ‘किती बैठका तपासल्या’ हे येत नाही. सहा महिन्यांत बैठकीची गप्पा होते. वर्षभरात ती उपदेश होते.

बाकीच्या चुकाही ठरलेल्याच. समुपदेशक त्याच वाड्यावरची असली की भाषा जुळते, पण बाई उघडपणे बोलत नाही. शेजारच्या गावची असली तर बरं. ओळख वाढली की पैसे उसने मागितले जातात, ती देते, आणि नातं बिघडतं. केंद्रात स्वतंत्र खोली नसते, मग लसीकरणाच्या टेबलामागे पडदा लावून बैठक होते आणि पडद्यापलीकडे रांग असते. अशी बैठक घेण्यापेक्षा केंद्राच्या मागे झाडाखाली दोन खुर्च्या टाकलेल्या चांगल्या. देणगीदारांसाठी फोटो काढले जातात. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. ‘चेहरा झाकलाय’ म्हणून भागत नाही, गावात साडीवरूनही माणूस ओळखतात.

आणि प्रकल्प संपतो. तीन वर्षांचा निधी, मग समुपदेशक निघून जाते आणि केंद्रातली खुर्ची रिकामी. ज्या संस्था पहिल्याच वर्षी केंद्रातल्या परिचारिकेला आणि डॉक्टरांना नऊ प्रश्नांचा कागद वापरायला शिकवतात, त्यांच्या मागे काहीतरी राहतं.

हद्द कुठे संपते

नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं की बैठकीचा बाकीचा कार्यक्रम बाजूला ठेवायचा. सरळ विचारायचं: जीव द्यावा असं वाटतं का, कसं करायचं ते ठरवलंय का, ते हाताशी आहे का? विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं. ठरवलेलं असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्या एकाला कळवायचं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. बागायतीतलं कीटकनाशक, उंदराचं औषध घरातून हलवायचं, गोळ्या आठवड्यापुरत्याच हातात द्यायच्या. या गोष्टी साध्या वाटतात. पण टोकाची लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसणं हाच बचाव ठरतो. प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पोलिसांची भीती दाखवू नये. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिच्यावर सर्वसाधारणपणे खटला चालत नाही.

कानांत आवाज येणं, कुणीतरी पाठलाग करतंय अशी पक्की समजूत, रात्र-रात्र झोपेशिवाय अफाट उत्साह, म्हातारपणी झपाट्याने विसर पडणं: हे थेट डॉक्टरांचं काम. दीर्घकालीन आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी म्हापशाची ‘कूज’ ही संस्था काम करते. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तेव्हा सरकारची टेली-मानस सेवा आहे: १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, फुकट. फोनवर नाव सांगावंच लागतं असं नाही.

वाड्याने काय करायचं

महिला मंडळ, बचत गट, भजनी मंडळ, देवस्थान समिती, पंच यांपैकी कुणीही समुपदेशन करू नये. त्यांचं काम वेगळं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

एक म्हणजे सोबत. पहिल्या तीन भेटींना बरोबर जाणारं माणूस. आत बसायचं नाही, बाहेर थांबायचं. तपासणीची तारीख, केसपेपर, बसची वेळ एवढं त्याने लक्षात ठेवायचं. लहान मुलं किंवा अंथरुणाला खिळलेली सासू असेल तर त्या दोन तासांसाठी घरी कुणीतरी लागतं. कित्येक भेटी याच एका कारणाने चुकतात आणि नोंदवहीत मात्र ‘रुग्ण आला नाही’ एवढंच येतं.

दुसरं म्हणजे काम देणं. सप्ताहाची तयारी, चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या माटोळीचं सामान, देवळातल्या जेवणावळीची भाजी चिरणं. बरं होऊ लागलेल्या माणसाला ‘तू आराम कर’ म्हणून वगळलं जातं, आणि तिथे तो पुन्हा आतल्या खोलीत जातो. लहान, ठरावीक वेळेचं, दुसऱ्यांबरोबर करायचं काम म्हणजे समुपदेशकाच्या रकान्यांतलं कामच आहे. ते मिळवून देणं मंडळाच्या हातात असतं. मात्र ‘तिला बरं नव्हतं ना, म्हणून बोलावलं’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून जाता कामा नये.

देवाला कौल लावून आलेल्या किंवा घाड्याकडे (मांत्रिकाकडे) जाऊन आलेल्या घरच्यांशी वाद घालू नका. ‘गाऱ्हाणं घातलंत, बरं केलंत, आता गुरुवारी केंद्रातही जाऊन येऊ’ एवढं पुरतं. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे अशा भटजींनी किंवा पाद्रींनी हेच सांगितलं तर अर्धं काम होतं. मारझोड, उपाशी ठेवणं, बांधून घालणं दिसलं तर मात्र गप्प बसायचं नाही.

तिसरं, चुकलेली बैठक. पहिल्या दोन बैठकांनंतर माणसं सर्वांत जास्त गळतात: काहींना थोडं बरं वाटतं म्हणून, काहींना काहीच वाटत नाही म्हणून. चांगल्या संस्थेत चुकलेल्या तारखेनंतर दोन दिवसांत फोन जातो. ‘का आला नाहीत’ असं त्यात नसतं. ‘बुधवारी तुमची वाट पाहिली. शुक्रवारी तीनला जमेल की मी घरी येऊ?’ असं असतं. फोन घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर कुठून बोलतेय हे सांगायचं नाही, हे पहिल्या बैठकीतच ठरलेलं असतं. तीन वेळा फोन, एकदा घरभेट, आणि तरीही नको म्हटलं तर वहीत तारीख टाकून ठेवायची: तीन महिन्यांनी पुन्हा एक फोन.